शैली ओळखताना लक्ष कशाकडे द्यायचं

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. संपादनाच्या कामाला लागून तुम्हाला वर्ष झालं आहे. मजकूर हातात आला की तो कुठल्या धाटणीचा आहे हे जाणवतं, पण ‘कशावरून?’ असं कुणी विचारलं की ‘ओघवती’, ‘बोजड’, ‘खुसखुशीत’ यांपलीकडे शब्द सापडत नाहीत. हा झाला पहिला प्रश्न. दुसरा असा, की सध्या तुमच्याकडे असलेल्या आठवणींच्या एका हस्तलिखितात मधली तीन प्रकरणं दुसऱ्याच कुणी लिहिली असावीत असं तुम्हाला वाटतं, आणि नुसत्या भाषेवरून ते तपासता येईल का हे जाणून घ्यायचं आहे.

मी २२ वर्षं संपादन करते आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी खात्रीनं देऊ शकते. दुसऱ्याचं बरंचसं तुमच्या हातातल्या मजकुरावर ठरेल; कशावर, ते पुढे येईलच.

अडचण मुळात विशेषणांची आहे. ‘ओघवती’ हा शब्द मजकुराबद्दल फार थोडं सांगतो. वाचताना तुम्हाला काय झालं, एवढीच ती नोंद. दुसऱ्या वाचकाला तेच पान पसरट वाटू शकतं आणि मग वाद मिटवायला काही साधनच उरत नाही. ही अडचण आपल्याआधी फार मोठ्या माणसांना पडली आहे. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकारानं काव्यादर्शात वैदर्भ आणि गौड हे दोन मार्ग, म्हणजे लिहिण्याच्या दोन शैली, वेगळे करून दाखवले आणि त्याच ओघात कबूल केलं, की एकेका कवीगणिक पडणारे भेद सांगणं शक्य नाही. ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत अंतर मोठं असतं, पण ते सांगणं सरस्वतीलाही साधणार नाही. मात्र ‘ओज’ या गुणाची खूण कोणती, हे सांगताना त्यानं गोडीची भाषा केली नाही. समासांची रेलचेल, असं रोखठोक सांगितलं. समास बोट ठेवून दाखवता येतात. माझं म्हणणं एवढंच, की जिथे बोट ठेवता येतं तिथून सुरुवात करा. विशेषण शेवटी आपसूक येतं, आणि तेव्हा त्याच्या मागे पुरावा असतो.

बोट ठेवायचं कुठे? मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: इथे वेगळं लिहिता आलं असतं का? जिथे दोन-तीन वाटा मोकळ्या होत्या आणि लेखकानं त्यांतली एक धरली, तिथे शैली असते. वाट एकच असेल तर तिथून लेखकाबद्दल काही कळत नाही. उदाहरण द्यायचं तर मोडी कागदपत्रांचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या-उकारांचा भेद पाळत नसत आणि शब्दही सलग लिहीत. तेव्हा ‘हा कारकून ऱ्हस्वदीर्घाबाबत बेफिकीर दिसतो’ असं मोडी कागदावरून म्हणणं चूक. ती लिपीचीच रीत होती. अनुस्वारांचंही तसंच. १९६२ साली राज्य शासनानं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार प्रमाण लेखनातून गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मीं’ हे सगळ्यांचंच असे, म्हणून त्यावरून काळाचा अंदाज येतो, माणसाचा येत नाही. पण १९८५ च्या एखाद्या खासगी पत्रात कुणी ‘नाहीं’ लिहीत असेल, तर ती सवय किंवा आग्रह आहे, आणि तिची नोंद घ्यायलाच हवी. (जुनी पुस्तकं नव्या आवृत्तीत छापताना लेखन बदलून टाकतात, म्हणून छापील प्रत कुठल्या सालची हे आधी बघा.)

तर एका मजकुरात एकावर एक थर असतात. लेखन कशासाठी केलं आहे याचा थर सगळ्यांत वरचा आणि जाड. आदेश, बातमी, पाठ्यपुस्तक, पत्र, आठवण: यांचं प्रत्येकाचं वळण ठरलेलं असतं. त्याखाली काळाचा थर, मग प्रदेशाचा आणि घरातल्या बोलीचा, आणि अगदी तळाशी त्या माणसाच्या सवयी. नवखा संपादक वरच्या थरावर जे दिसतं ते माणसाचं समजून बसतो. बहुतेक चुका इथेच होतात.

वरचा थर समजून घ्यायला मी शिकाऊ सहकाऱ्यांना एक काम देते. एकच घटना पाच धाटण्यांत लिहा. समजा, पुरामुळे पूल बंद झाला आहे.

आदेश असा असेल: ‘नदीच्या पाणीपातळीत वाढ झाल्याने सदर पूल वाहतुकीसाठी तात्पुरत्या स्वरूपात बंद करण्यात येत आहे. नागरिकांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करावा.’

बातमी: ‘मुसळधार पावसामुळे नदीला पूर आल्याने पूल बुधवारी पहाटेपासून वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. त्यामुळे पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला आहे.’

ललित: ‘रात्रभर कोसळत होता. पहाटे दार उघडून पाहिलं, तर पूल नाही. म्हणजे होता, पाण्याखाली. कठड्याचं एक टोक तेवढं दिसत होतं, मधूनच.’

बोलणं: ‘अहो, पूल गेला की पाण्याखाली! आता कसले जाताय तुम्ही? बसा गुपचूप.’

शास्त्रीय: ‘पाणी पुलाच्या पृष्ठभागावरून वाहू लागल्यास प्रवाहाचा दाब कठड्यांवर येतो. कठड्यांत अडकलेला पालापाचोळा हा दाब आणखी वाढवतो.’

आता विशेषणं न वापरता फरक सांगून बघा. आदेशात आणि बातमीत पूल बंद कुणी केला ते वाक्यात नाहीच. ‘करण्यात येत आहे’, ‘करण्यात आला’ या रचनेनं कर्ता झाकला आहे. आदेशात काळ चालू आहे आणि पाठोपाठ ‘करावा’ हा विध्यर्थ येतो. बातमीत ‘बुधवारी पहाटेपासून’ आणि ‘त्यामुळे’ आले, म्हणजे वेळ आणि परिणाम. ललित मजकुरात पावसाचं नावही नाही. कोसळणारं काय ते वाचकानं ओळखायचं. पाहणारा कोण हेही लिहिलेलं नाही, तरी तो तिथे उभा आहे. शेवटच्या वाक्यात ‘मधूनच’ क्रियापदाच्या नंतर आला. मराठी वाक्याचं क्रियापद एरवी शेवटी विसावतं, ते आधी आणून त्याच्यानंतर एखादा शब्द लोंबता ठेवला की लगेच बोलण्याचा किंवा आठवण्याचा सूर लागतो. बोलण्यात ‘की’ आणि ‘कसले’ हे शब्द माहिती देत नाहीत, समोरच्याला धरून ठेवतात. शास्त्रीय वाक्यात ‘लागल्यास’ ही अट आहे आणि ‘येतो’, ‘वाढवतो’ हा कुठल्याही दिवशी खरा ठरणारा वर्तमानकाळ आहे. ‘बुधवारी’ तिथे चालणारच नाही.

एका धाटणीतून दुसरीत जाताना जे जे बदलावं लागलं, ती त्या धाटणीची लक्षणं. हा सराव दहा-बारा वेळा केलात की ‘कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ तयार असेल. वाचून हे येत नाही, लिहून येतं.

आता मराठी मजकुरात मी नेमकं काय काय बघते ते सांगते. सगळ्यालाच सारखं वजन नाही, म्हणून जिथे जास्त सापडतं तिथे जास्त थांबते.

पहिली जागा क्रियापदाची. लेखक ‘पाहिलं’ म्हणतो की ‘निरीक्षण केलं’? ‘ठरवलं’ की ‘निर्णय घेतला’? ‘बोललो’ की ‘चर्चा केली’? नामाला ‘करणे’ किंवा ‘घेणे’ जोडून क्रियापद बनवायची सवय कार्यालयीन आणि शैक्षणिक लेखनातून येते, आणि ज्यांचं आयुष्य त्या लेखनात गेलं त्यांच्या आठवणींतही ती उतरते. त्याच्या उलट संयुक्त क्रियापदं. ‘पत्र फाडलं’, ‘पत्र फाडून टाकलं’, ‘पत्र फाडून ठेवलं’, ‘पत्र फाडून बसला’: घटना एकच, पण टाकणं, ठेवणं, बसणं यांतून लेखकाचा त्या घटनेकडे बघायचा रोख कळतो. टाकलं म्हणजे कायमचं संपवलं. बसला म्हणजे व्हायला नको होतं ते झालं. आदेशात ‘पूल बंद करून टाकण्यात येत आहे’ असं कधी वाचलंय? नाही, कारण आदेशाला रोख दाखवायचा नसतो. एखाद्या मजकुरात संयुक्त क्रियापदं दाट आहेत की विरळ, आणि असतील तर कोणती, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. माझ्या अनुभवात एवढ्या थोड्या वेळात एवढं सांगणारी दुसरी खूण नाही.

दुसरी जागा वाक्यांच्या सांध्याची. कुणाचं म्हणणं सांगताना ‘तो म्हणाला, की मी येईन’ असंही लिहिता येतं आणि ‘मी येईन, असं तो म्हणाला’ असंही. दोन्ही शुद्ध. बहुतेक लेखक न ठरवता एकाकडे झुकतात आणि आयुष्यभर झुकलेले राहतात. तसंच ‘जो माणूस काल आला होता, तो’ आणि ‘काल आलेला माणूस’. जो-तो वापरणारा लेखक माहिती दोन हप्त्यांत देतो. कृदन्त, म्हणजे ‘आलेला’सारखं क्रियापदापासून बनलेलं विशेषण, वापरणारा ती नामाच्या आधी भरून टाकतो, आणि मग ‘काल संध्याकाळी पावसात भिजत आलेला, ओळख नसलेला माणूस’ अशी वाक्यं तयार होतात. तिसरी सवय ‘-ऊन’ची. ‘उठून, आवरून, पिशवी घेऊन निघालो’ की ‘उठलो. आवरलं. पिशवी घेतली आणि निघालो’? पहिल्यात निघणं हेच मुख्य, बाकीचं त्याच्या मागे चालतं. दुसऱ्यात प्रत्येक कृतीला तिचं स्वतःचं वाक्य मिळालं. वाक्य लांब की आखूड यापेक्षा हे सांधे कसे जोडले आहेत ते बघा. लांबीपेक्षा त्यात माणूस अधिक दिसतो.

शब्दांचं कूळ बघायला सगळ्यांना आवडतं, म्हणून त्याबद्दल थोडं सावध करते. ‘सुरुवात, जबाबदारी, फक्त, शिवाय’ की ‘प्रारंभ, दायित्व, केवळ, व्यतिरिक्त’, हा फरक खरा आहे. अरबी-फारसीतून रुळलेले शब्द घरगुती वाटतात आणि संस्कृत शब्द समारंभी, असा ढोबळ नियमही सांगतात. पण कार्यालयीन मराठीत ‘सदर’ आणि ‘सबब’ हे अरबी मुळाचे शब्द ‘उपरोक्त’ आणि ‘अवलंब’ यांच्या मांडीला मांडी लावून बसतात. म्हणजे कुळावरून धाटणी ठरत नाही. तो शब्द आज कुठे वावरतो त्यावरून ठरते. शिवाय शब्द विषयाबरोबर बदलतात. तोच लेखक शेतीवर लिहील तेव्हा एक शब्दसंग्रह असेल, न्यायालयावर लिहील तेव्हा दुसरा. व्यक्ती ओळखायला भारी शब्दांचा म्हणूनच फार उपयोग होत नाही.

विरामचिन्हांवर मी फारशी भिस्त ठेवत नाही. ती मुद्रितशोधकाच्या हातून सर्वांत आधी बदलतात.

सर्वांत जास्त वेळ मी देते तो लहान शब्दांना. ‘पण, परंतु, मात्र’, ‘म्हणून, त्यामुळे’, ‘साठी, करिता’, ‘घरात, घरामध्ये’, ‘सुद्धा, देखील, ही’, ‘मग, नंतर, त्यानंतर’, ‘बहुधा, बहुतेक, कदाचित’. यांवर वाचकाची नजर ठरत नाही, लेखकाचीही ठरत नाही. म्हणूनच ते विश्वासाचे. नक्कल करणारा माणूस ठसठशीत शब्द उचलतो, लकबी उचलतो. मूळ लेखक ‘देखील’ कधीच लिहीत नसे हे त्याच्या लक्षात येत नाही. त्यातही ‘मात्र’ कुठे येतो ते बघा. ‘मात्र, तो आला नाही’ ही वाक्याच्या तोंडी ‘मात्र’ ठेवायची रीत बातमीच्या लेखनात फार रुळली आहे. ‘तो मात्र आला नाही’ ही जुनी, बोलण्यातली जागा. आणि ‘च’. ‘तोच आला नाही’, ‘तो आलाच नाही’, ‘तो आला नाहीच’. एका अक्षराची जागा, पण काही लेखक तो कर्त्याला लावतात, काही क्रियापदाला, आणि काहींच्या पानावर तो जवळजवळ नसतोच.

लहान शब्दांवरचा हा विश्वास नुसत्या अनुभवातून आलेला नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावानं ८५ लेख प्रसिद्ध झाले. त्यांतल्या १२ लेखांवर अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन या दोन लेखकांचाही दावा सांगितला जाई. फ्रेडरिक मोस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी आधी एका सहकाऱ्याबरोबर वाक्यांची लांबी मोजून पाहिली. दोघांचीही सरासरी साधारण साडेचौतीस शब्द निघाली आणि वाट तिथेच खुंटली. पुढे मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी लहान शब्द मोजले. इंग्रजीतला ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन दर हजार शब्दांत सुमारे तीनदा लिहीत असे, मॅडिसन क्वचितच. अशा अनेक शब्दांची आकडेमोड जमवून त्यांनी १९६४ साली निष्कर्ष मांडला, की ते वादग्रस्त लेख मॅडिसनचे. सरासरी लांबीनं दोघांना एकसारखं दाखवलं आणि एका किरकोळ शब्दानं वेगळं केलं, ही गोष्ट मी कधी विसरत नाही.

फक्त ती पद्धत मराठीवर जशीच्या तशी लावता येत नाही. आपले बरेचसे लहान शब्द सुटे नसतात, मागच्या शब्दाला चिकटलेले असतात. ‘घरापासून’मध्ये ‘पासून’ दडलेलं आहे, ‘त्याच्यासाठीसुद्धा’मध्ये दोन आहेत, ‘म्हणूनच’मध्ये ‘च’ आहे. संगणकाला मोकळ्या जागांवरून शब्द मोजायला सांगितलेत तर ‘घरापासून’ आणि ‘दारापासून’ हे त्याला दोन असंबद्ध शब्द वाटतील, आणि नेमकी जी खूण हवी ती नाहीशी होईल. म्हणून शोधताना शब्दाच्या शेवटावरून शोधा, आणि ‘च’ तर डोळ्यांनीच तपासा. नाहीतर ‘पाच’ आणि ‘आमच्याच’ एका गठ्ठ्यात जातील.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: धाटणी ओळखायला कर्ता कुठे आहे, काळ कुठला आणि क्रियापद कसं बांधलं आहे ते बघा, माणूस ओळखायला सांधे आणि लहान शब्द बघा. आता तुमच्या तीन प्रकरणांकडे वळते.

इथे माझी एक चूक सांगणं मला आवश्यक वाटतं, कारण तुम्ही तिच्याच उंबरठ्यावर आहात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांचं आत्मकथन माझ्याकडे आलं. पहिल्या चार प्रकरणांत ‘असे, तसे, केले, गेले’ आणि पुढे ‘असं, तसं, केलं, गेलं’. परिच्छेदांची लांबीही बदललेली. मी प्रकाशकांना टिपण पाठवलं, की उत्तरार्ध दुसऱ्या कुणाचा असावा. ते टिपण लेखकापर्यंत पोचलं. नंतर कळलं, की त्यांची दृष्टी कमी झाली होती आणि त्यांनी सगळं पुस्तक तोंडी सांगितलं होतं. आधी एका नातेवाइकानं उतरवून घेतलं, पुढे दुसऱ्यानं. ‘असे’ आणि ‘असं’ यांतला फरक उतरवणाऱ्यांचा होता. मग मी तोच मजकूर पुन्हा काढून बसले. ‘मात्र’ दोन्ही भागांत वाक्याच्या तोंडी न येता शब्दानंतरच येत होता. ‘परंतु’ कुठेही नव्हता. कुणाचं बोलणं सांगताना ‘की’ जवळजवळ नव्हताच, सगळीकडे ‘असं म्हणाले’ किंवा ‘असे म्हणाले’. जो-तोची वाक्यं दोन्हीकडे भरपूर. माणूस एकच होता आणि तो पहिल्या पानापासून दिसत होता; मी वरचा रंग बघत राहिले. त्या गृहस्थांना मी पत्र लिहून माफी मागितली. त्यांनी ती मोठ्या मनानं स्वीकारली, पण दुखावले होते हे खरं.

म्हणून तुमच्या प्रकरणांबाबत आधी हे विचारा: हा मजकूर कागदावर कसा आला? लेखकानं स्वतः लिहिला, सांगितला, की ध्वनिमुद्रणावरून उतरवला? तुमच्याआधी कुणी हात फिरवला आहे का? ती तीन प्रकरणं आधी कुठल्या अंकात छापून आली होती का? छापून आली असतील तर त्या अंकाच्या संपादकाची बोटं त्यांवर असणारच.

आणि ती मुळात दुसऱ्या भाषेत लिहिली होती का, हेही बघा. भाषांतराच्या खुणा परक्या हातासारख्याच दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो. नामाआधी कारण नसताना ‘एक’ येऊ लागला, जसं ‘तो एक चांगला शिक्षक होता’; निर्जीव गोष्टी कर्ता होऊ लागल्या, जसं ‘या प्रसंगाने मला शिकवले’; ‘केले गेले’, ‘दिले गेले’ वाढले, तर मागे इंग्रजी असण्याची शक्यता आहे. ‘माझी मदत केली’ असं दिसलं तर हिंदी. हल्ली हे मूळ मराठी लेखनातही शिरलं आहे, म्हणून एकट्यादुकट्या वाक्यावरून काही ठरवू नका. दाटी बघा.

हे सगळं वगळूनही संशय उरला, तर मोजायला बसा. संशयित तीन प्रकरणं एका बाजूला ठेवा आणि बाकीच्यांतून त्यांच्याशी जुळणारी घ्या. जुळणारी म्हणजे त्याच प्रकारची: प्रसंगकथन असेल तर प्रसंगकथनाशीच तुलना, व्यक्तिचित्र असेल तर व्यक्तिचित्राशी. संवाद आणि अवतरणं काढून टाका, कारण तो दुसऱ्यांचा आवाज असतो. आधी वर दिलेल्यांतल्या आठ-दहा जोड्या निवडून कागदावर लिहून ठेवा आणि मगच मोजा; मोजताना जोड्या बदलत गेलात तर तुम्हाला हवं तेच सापडेल. प्रत्येक आकडा दर हजार शब्दांमागे काढा, नाहीतर लांब प्रकरणं उगीच वेगळी दिसतील. शक्य असेल तर प्रकरणांची नावं झाकून दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या.

एक पायरी लोक हमखास गाळतात. संशय नसलेली प्रकरणंही आपसांत ताडून बघा. लेखक स्वतःच एका प्रकरणात ‘पण’ हजारी नऊ वेळा आणि दुसऱ्यात चार वेळा लिहीत असेल, तर संशयित प्रकरणातल्या पाचला काही अर्थ नाही. माणूस स्वतःपासून किती सरकतो ते कळल्याशिवाय तो दुसऱ्यापासून किती दूर आहे हे सांगता येत नाही. आठवणींच्या पुस्तकात हे सरकणं बरंच असतं, कारण लेखन वर्षानुवर्षं चालतं आणि लिहिणाराही त्या काळात बदलतो.

मजकूर किती आहे यावरही बरंच अवलंबून आहे. दोन-तीन हजार शब्दांच्या खाली मी व्यक्तीबद्दल मत देत नाही. त्यात ‘देखील’ येऊन येऊन किती वेळा येणार? धाटणी मात्र एका परिच्छेदावरूनही सांगता येते, कारण तिच्या खुणा जवळजवळ प्रत्येक वाक्यात असतात. तुमची तीन प्रकरणं मिळून किती भरतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

भाषेचा पुरावा कुठे खंबीर आणि कुठे लंगडा, हेही ध्यानात असू द्या. १४४० साली लोरेंझो वल्ला या इटालियन विद्वानानं एक लॅटिन दानपत्र बनावट असल्याचं दाखवून दिलं. ते चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टंटाइनचं म्हणून मानलं जाई. त्यात रोमच्या अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ (मुळात इराणी सुभेदारांचं पदनाम) म्हटलं होतं, आणि कॉन्स्टंटाइनच्या काळी तिथे तसं कुणी म्हणत नसे. तेवढ्यावरून ते दानपत्र त्या काळचं नाही हे ठरलं. ते कुणी रचलं हे मात्र ठरलं नाही. आपल्या कामातही तसंच घडतं. ‘हे याचं नसावं’ असं म्हणायला भाषा बळ देते. ‘हे त्याचं आहे’ म्हणायला त्या दुसऱ्या माणसाचं पुरेसं आणि त्याच प्रकारचं लेखन हाताशी लागतं. तुमच्याकडे ते नसेल तर दुसरं नाव तोंडातून काढू नका, प्रकाशकांपुढेही नाही.

लेखकाशी बोलताना निष्कर्ष घेऊन जाऊ नका, पानं घेऊन जा. ‘इथे ‘त्यानंतर’ फार येतो, बाकी पुस्तकात तुम्ही ‘मग’ लिहिता. ही प्रकरणं वेगळ्या वेळी लिहिली का?’ एवढंच विचारा. मला आलेली उत्तरं बहुतेकदा साधी होती: आजारपणात सांगून लिहून घेतलं, मुलीनं नीट करून दिलं, जुन्या भाषणाचा मजकूर होता. यांतलं कुठलंही उत्तर आलं तरी तुमचं संपादनाचं काम तेच राहतं, ती प्रकरणं बाकी पुस्तकाच्या आवाजाला आणून मिळवायचं. त्यासाठी तुम्ही केलेली मोजणी उपयोगी पडेल, कारण कुठले सांधे बदलायचे आणि कुठले शब्द परत लेखकाचे करायचे, याची यादी तुमच्याकडे तयार असेल.

प्रकरणांची लांबी, ती प्रसंगकथन आहेत की व्यक्तिचित्रं, आणि मजकूर कागदावर कसा आला, एवढं कळवलंत तर कुठल्या जोड्या मोजायला घ्याव्यात हे मी जास्त नेमकं सांगू शकेन.